उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावरही पृथ्वीचा गोल पिशवीत घालून शाळांत, वाचनालयांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये जाते आणि ध्रुवप्रदेशांवर बोलते. बोलणं तासाभराचं असतं, प्रश्न मात्र दोन तास चालतात, आणि घरी पोचल्यावर फोनवर आणखी येतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवले आहेत. पहिलं उत्तर आधी वाचा. पुढची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

दोन्हीकडे बर्फच आहे. मग फरक तो काय?

फरक बर्फाच्या खाली आहे. उत्तर ध्रुवावर बर्फाखाली समुद्र आहे, दक्षिण ध्रुवावर जमीन.

आर्क्टिक हा रशिया, नॉर्वे, ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्का यांनी वेढलेला महासागर आहे, सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटरचा. त्यावर तरंगणारा बर्फ बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटर जाडीचा, म्हणजे साधारण आपल्या खोलीच्या उंचीएवढा. ऐन उत्तर ध्रुवावर उभं राहिलात तर पायाखाली तेवढा बर्फ आणि त्याखाली चार हजार मीटरांहून खोल पाणी असेल. हा बर्फ सतत वाहत असतो. आज ध्रुवावर रोवलेली काठी उद्या ध्रुवावर राहत नाही.

अंटार्क्टिका हा समुद्राने वेढलेला खंड. क्षेत्रफळ योगायोगाने जवळपास तेवढंच, भारताच्या चौपटीहून जास्त. त्याच्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ बसलेला आहे. दक्षिण ध्रुवाची उंची समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास पावणेदोनपट, आणि त्यातले सुमारे २,७०० मीटर नुसता बर्फ. जगातल्या गोड्या पाण्याचा साधारण ७० टक्के साठा या एका खंडावर गोठून पडला आहे.

मुलांना हे कळत नाही त्याला कारण आहे. भिंतीवरच्या नकाशात अंटार्क्टिका तळाशी पसरलेला पांढरा पट्टा म्हणून दिसतो, आणि गोलावर स्टँडचा खिळा नेमका दक्षिण ध्रुवावरच घुसवलेला असतो. म्हणून मी माझा गोल स्टँडवरून काढून उलटा धरते. पाचवीतल्या एका मुलीने तो पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाली, "बाई, हा तर अख्खा देश आहे!" देश नाही गं, म्हटलं, खंड आहे, आणि तो कुणाच्याच देशाचा नाही.

जास्त थंडी कुठे असते?

दक्षिणेला, आणि फरक थोडाथोडका नाही. पुण्याच्या नोंदींतलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस, १७ जानेवारी १९३५ चं. अंटार्क्टिकातल्या रशियन व्होस्टोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश नोंदलं गेलं. जमिनीवरच्या हवामान केंद्रावर मोजलेलं जगातलं हे नीचांकी तापमान.

उत्तरेला बर्फाखालचं समुद्राचं पाणी उणे दोन अंशांच्या खाली फारसं जातच नाही. ते पाणी हिवाळाभर खालून ऊब देत राहतं, आणि उन्हाळ्यात ध्रुवावरचं तापमान शून्याच्या आसपास येतं. दक्षिणेला खाली अशी शेगडी नाही. वर उंची आहे, आणि खंडाभोवती गोल फिरणारा समुद्रप्रवाह उत्तरेकडचं उबदार पाणी आत येऊ देत नाही. दक्षिण ध्रुवाचं वर्षाचं सरासरी तापमान उणे ४९ च्या जवळ आहे.

इतका बर्फ म्हणजे तिथे हिमवर्षाव खूप होत असेल असं लोकांना वाटतं. खंडाच्या आतल्या भागात वर्षभरात पडणारा बर्फ वितळवला तर ५० मिलिमीटरही पाणी होत नाही. पुण्यात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. अंटार्क्टिका वाळवंट आहे. जे थोडं पडतं ते वितळत नाही, थरावर थर बसत जातो, एवढंच.

ध्रुवतारा ध्रुवावर दिसतो तसाच पुण्यातून दिसतो का?

तारा तोच, उंची वेगळी. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे, म्हणून ध्रुवताराही उत्तर क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो. हात ताठ करून मूठ धरलीत की आकाशाचे दहाएक अंश झाकले जातात. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, आणि दुसरीच्या वरच्या कडेपाशी पाहायचं. शहरातल्या उजेडात त्रास होतो, पानशेतला किंवा मुळशीला पटकन सापडतो. श्रीनगरला गेलात तर तो चौतीस अंशांवर जातो, उत्तर ध्रुवावर थेट डोक्यावर येतो आणि बाकीचे सगळे तारे क्षितिजाला समांतर त्याच्याभोवती फिरतात. ध्रुवबाळाचं अढळपद तिथे खऱ्या अर्थाने दिसतं. दक्षिण ध्रुवावरून मात्र तो कधीच दिसत नाही.

"आर्क्टिक" हे नाव ग्रीक "आर्क्टोस" म्हणजे अस्वल या शब्दावरून आलं. ते अस्वल आकाशातलं, ज्या तारकासमूहात आपले सप्तर्षी आहेत तोच. ऋग्वेदातही या ताऱ्यांना "ऋक्ष" म्हटलंय, ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि दोन्ही शब्द भाषेच्या एकाच मुळातले. अंटार्क्टिक म्हणजे आर्क्टिकच्या समोरचा.

सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र, हे खरंच असतं?

ऐन ध्रुवावर असतं. घरी करून पाहता येईल. मी गोलावर दोन टिकल्या लावते, एक पुण्यावर आणि एक उत्तर ध्रुवावर. दिवे घालवायचे, मोबाईलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवायचा आणि गोलाचं वरचं टोक टॉर्चकडे कलता ठेवून तो फिरवायचा. पुण्याची टिकली उजेडात येते, अंधारात जाते, पुन्हा उजेडात येते. ध्रुवावरची टिकली कितीही फिरवा, उजेडातच राहते. आता कल तसाच ठेवून गोल टॉर्चच्या पलीकडच्या बाजूला न्या आणि टॉर्च त्याच्याकडे वळवा. ध्रुवाची टिकली अंधारात गेलेली दिसेल.

पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कलला आहे, त्याचा हा परिणाम. उत्तर ध्रुवावर मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सप्टेंबरमध्ये मावळतो. २१ जूनलाही तो साडेतेवीस अंशांच्या वर चढत नाही. सूर्य मावळला की लगेच काळोख होतो असंही नाही. संधिप्रकाश कित्येक आठवडे टिकतो, आणि पहाट तितकीच लांबते.

मग घड्याळ कुठलं? सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एकत्र येतात, त्यामुळे स्थानिक वेळेला तिथे अर्थच नाही. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन केंद्रात न्यूझीलंडची वेळ पाळतात, कारण माणसं आणि सामान त्या बाजूने येतं.

लोकमान्य टिळकांनी आर्य उत्तर ध्रुवाकडचे होते असं लिहिलं. ते खरं मानायचं का?

पुण्यात हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो, आणि यायलाच हवा. टिळकांचं "द आर्क्टिक होम इन द वेदाज" हे पुस्तक १९०३ साली पुण्यातूनच निघालं. उषेची सूक्तं वाचताना त्यांना वाटलं की ही तासाभरात संपणारी पहाट नाही, ही अनेक दिवस चालणारी पहाट आहे. देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचं एक वर्ष, मेरूभोवती सूर्य-चंद्र प्रदक्षिणा घालतात, ही वचनं त्यांनी त्याच धाग्यात ओवली.

मूळ वसतिस्थानाचा त्यांचा निष्कर्ष आजचे अभ्यासक स्वीकारत नाहीत. पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि जनुकांचा अभ्यास यांपैकी काहीच त्या बाजूने नाही. पण ध्रुवावरचं आकाश कसं दिसेल याचं त्यांनी केलेलं वर्णन, लांबलेली पहाट, क्षितिजाशी समांतर फिरणारे तारे, हे खगोलाच्या दृष्टीने बरोबर आहे. आणि ते पुस्तक आलं तेव्हा कुठल्याच ध्रुवावर माणसाचं पाऊल पडलेलं नव्हतं. पुण्यात बसून, गणितावर, एका माणसाने तिथलं आकाश डोळ्यांपुढे उभं केलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

होकायंत्र उत्तर ध्रुवच दाखवतं ना?

नाही. ते चुंबकीय ध्रुवाच्या रोखाने वळतं, आणि तो भौगोलिक ध्रुवापासून दूर असतो, शिवाय सरकत राहतो. जेम्स क्लार्क रॉस १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला त्या जागी पोचला. त्यानंतर तो ध्रुव सायबेरियाच्या दिशेने निघाला आहे. मधल्या काळात त्याचा वेग वर्षाला पन्नासेक किलोमीटरपर्यंत गेला होता.

उत्तर ध्रुवावर पहिलं पाऊल कुणाचं?

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत "रॉबर्ट पिअरी, १९०९" असं असतं. परीक्षेत तेच लिहा, पण खरी गोष्ट एवढी सरळ नाही.

पिअरीने ६ एप्रिल १९०९ चा दावा केला. त्याच्याबरोबर मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकन आणि चार इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधले मूळ रहिवासी, होते. ही नावं पुस्तकांत क्वचितच येतात: ऊटा, इगिंग्वा, सीग्लू, ऊकिआ. वाट काढणं, कुत्री हाकणं, बर्फाची घरं बांधणं ही कामं यांचीच. मोजमाप तपासू शकेल असा दुसरा जाणकार मात्र पिअरीने शेवटच्या टप्प्यात बरोबर ठेवला नाही, आणि परतीचा त्याने सांगितलेला वेग अनेकांना पटत नाही. फ्रेडरिक कुक तर म्हणत होता की मी १९०८ मध्येच जाऊन आलो. त्याचाही पुरावा टिकला नाही.

ज्याबद्दल वाद नाही अशी पहिली भेट हवेतून झाली. १२ मे १९२६ रोजी आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं "नॉर्गे" हे वायूने भरलेलं हवाई जहाज ध्रुवावरून गेलं. १९५८ मध्ये "नॉटिलस" ही अणुपाणबुडी बर्फाखालून गेली, खाली समुद्र आहे म्हणूनच हे शक्य झालं. बर्फावरून निर्विवादपणे पोचायला १९६८ साल उजाडलं, तेही स्नोमोबाईलवरून.

मला या सगळ्यांपेक्षा नॉर्वेचा संशोधक नान्सेन जवळचा वाटतो. सायबेरियाच्या बाजूला फुटलेल्या एका जहाजाचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले होते. त्यावरून त्याने ताडलं की बर्फ या टोकापासून त्या टोकाला वाहतो. मग त्याने "फ्राम" नावाचं गोलसर बुडाचं जहाज बांधून घेतलं. बर्फाने दाबलं की ते चिरडण्याऐवजी वर उचललं जाईल अशी रचना होती. १८९३ मध्ये ते मुद्दाम बर्फात अडकवलं आणि तीन वर्षं वाहू दिलं. ध्रुव हाती आला नाही, पण आर्क्टिक हा खोल समुद्र आहे हे त्याने दोर सोडून मोजून सिद्ध केलं.

आमुंडसेन जिंकला आणि स्कॉटचा मृत्यू झाला, असं का?

नॉर्वेचा रोआल आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला, नान्सेनचंच "फ्राम" घेऊन गेला होता. ब्रिटिश रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी पोचला तेव्हा तिथे नॉर्वेचा झेंडा फडकत होता. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही साथीदार गेले.

लोक याला नशीब म्हणतात. मी मुलांना बारीकसारीक गोष्टी सांगते. आमुंडसेन याआधी वायव्य मार्गाच्या, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून जाणाऱ्या समुद्रवाटेच्या, सफरीत दोन हिवाळे इनुइट लोकांच्या शेजारी राहिला होता. कातड्याचे सैलसर कपडे, कुत्र्यांची स्लेज, घाम न येऊ देण्याची चाल, हे तो त्यांच्याकडून शिकला. स्कॉटने तट्टं नेली, मोटारीच्या स्लेज नेल्या, आणि दोन्ही बंद पडल्यावर माणसांनी स्लेज ओढल्या. आमुंडसेनकडे निघताना ५२ कुत्री होती, परतली ११. बाकीच्यांतली बरीच वाटेत मारून माणसांना आणि उरलेल्या कुत्र्यांना खायला घातली. ऐकायला क्रूर वाटतं, पण तो हिशोब त्याने आधीच केला होता.

रॉकेलचं उदाहरण तर हातात धरून दाखवण्यासारखं आहे. बर्फात रॉकेल म्हणजे नुसती ऊब नाही, ते प्यायचं पाणीही आहे, कारण बर्फ वितळवल्याशिवाय घोटभर पाणी मिळत नाही. स्कॉटच्या डब्यांच्या झाकणांना चामड्याचे वायसर होते. कडाक्याच्या थंडीत ते आकसले आणि तेल उडून गेलं. दमलेली माणसं वाटेत आधीच ठेवलेल्या साठ्यापाशी पोचायची आणि डबे अर्धेमुर्धे रिकामे निघायचे. आमुंडसेनने आपले डबे डाख लावून बंद केले होते. साठा सापडावा म्हणून त्याने वाटेला आडव्या झेंड्यांची दुतर्फा काही किलोमीटर लांब रांग लावली होती. धुक्यात भरकटलं तरी कुठला ना कुठला झेंडा दिसणारच.

आणखी एक. स्कॉटचा मोठा साठा ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचा ठरला होता. तट्टं थकली म्हणून तो पन्नासेक किलोमीटर अलीकडेच ठेवला. शेवटचा तंबू पडला तो त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, म्हणजे मूळ ठरलेल्या जागेच्या पुढे आल्यावर.

तरीही स्कॉटला नालायक ठरवून मोकळं होणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या मार्चमध्ये थंडी नेहमीपेक्षा जास्त होती, आणि मरणाच्या दारातही त्या माणसांनी सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नाहीत. त्या दगडांचं काय झालं ते पुढे सांगते.

या मोहिमेचा भारताशी, पुण्याशी काही संबंध?

आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. स्कॉटबरोबर ध्रुवावर पोचलेला बॉवर्स हा रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी. ओट्स हा महूच्या छावणीतून आलेला घोडदळाचा कॅप्टन. पाय गारठून निकामी झाल्यावर, आपल्यामुळे इतरांचा जीव जाऊ नये म्हणून तो हिमवादळात तंबूबाहेर चालत गेला. पुढे शोधपथकाबरोबर निघाली ती हिंदुस्थानातून पाठवलेली सात खेचरं: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब. १२ नोव्हेंबर १९१२ ला तंबू सापडला.

मोहिमेचा हवामानतज्ज्ञ जॉर्ज सिम्पसन हा सिमल्याला भारतीय हवामान खात्यात नोकरीला होता. त्याने अंटार्क्टिकात उपकरणं बांधलेले फुगे सोडून वरच्या हवेचं तापमान मोजलं. त्याचा मोठा ग्रंथ १९१९ मध्ये कलकत्त्यातून छापला गेला. ते सिमल्याचं मुख्यालय १९२८ मध्ये पुण्याला हलवलं. शिवाजीनगरच्या ज्या दगडी इमारतीला आपण आजही "सिमला ऑफिस" म्हणतो, ती हीच. बसमधून तिथे उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की या नावाचं एक टोक स्कॉटच्या तळापर्यंत जातं!

भारत आणि अंटार्क्टिका एके काळी जोडलेले होते म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि स्कॉटचे दगड त्याच्याच पुराव्यांपैकी एक. त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाच्या पानांचे जीवाश्म होते. तेच जीवाश्म आपल्या चंद्रपूर-नागपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यातल्या खडकांत सापडतात. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. हे झाड समुद्र ओलांडून गेलं नव्हतं, जमीनच एक होती. त्या महाखंडाला गोंडवन हे नाव आपल्या गोंड प्रदेशावरून मिळालं. साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका अलग होऊ लागले. भारत उत्तरेला निघाला, आणि वाटेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचे थर साचून सह्याद्रीचा काळा खडक तयार झाला.

भारत तिथे कधी पोचला?

पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण, भाड्याने घेतलेलं नॉर्वेचं "पोलर सर्कल" हे जहाज. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. १९८३-८४ मध्ये "दक्षिण गंगोत्री" हे केंद्र उभं राहिलं. ते तरंगत्या हिमपट्ट्यावर होतं, हळूहळू बर्फात गाडलं गेलं आणि सोडून द्यावं लागलं. म्हणून १९८९ चं "मैत्री" शिरमाकर ओअ‍ॅसिसमध्ये, उघड्या खडकावर बांधलं. शेजारी प्रियदर्शिनी नावाचं तळं आहे, पाणी तिथून येतं. २०१२ मध्ये त्यापासून सुमारे ३,००० किलोमीटरवर, लार्समन टेकड्यांत "भारती" सुरू झालं. त्याचा सांगाडा १३४ कंटेनर जोडून केला आहे. उत्तरेला, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर, २००८ पासून "हिमाद्री" आहे. ही सगळी व्यवस्था गोव्यातल्या वास्को-द-गामा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतं.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया पहिल्यांदा अंटार्क्टिकावर उतरल्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या, आणि बी.एस्सी. पुणे विद्यापीठातून झालेल्या. हे सांगितलं की मागच्या बाकांवरच्या मुली ताठ बसतात, दर वेळी.

पोस्टाची गोष्टही सांगायला हवी. "भारती"वर २०२४ मध्ये टपाल कार्यालय सुरू झालं आणि त्याला प्रायोगिक पिनकोड मिळाला एमएच-१७१८. एमएच म्हणजे महाराष्ट्र. गोवा आपल्या टपाल परिमंडळात येतो, म्हणून अंटार्क्टिकाचं टपालही आपल्याच परिमंडळात.

माझा मुलगा शास्त्रज्ञ नाही. तरी त्याला जाता येईल का?

येईल. पालकांनी हे उत्तर नीट वाचावं अशी माझी इच्छा आहे. केंद्र वर्षभर चालतं ठेवायला डिझेल मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, क्रेन चालवणारे, स्वयंपाकी आणि डॉक्टर लागतात. उणे तीसमध्ये जनरेटर बंद पडला तर सगळ्यांचा जीव मेकॅनिकच्या हातात असतो. आयटीआय करून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात लागलेल्या मुलाने गोव्याच्या केंद्राच्या जाहिरातींवर जरूर लक्ष ठेवावं. निवड झाली की दिल्लीच्या एम्समध्ये कसून तपासणी होते आणि औलीला बर्फातलं प्रशिक्षण. मग केपटाऊनमार्गे जहाजाने किंवा विमानाने पुढे. काहीजण उन्हाळ्यापुरते जातात, काही हिवाळ्यासाठी मागे राहतात. हिवाळ्यात कित्येक महिने ना जहाज येतं ना विमान, त्यामुळे मनाची तयारी शरीराइतकीच पाहिली जाते.

आणि पर्यटक म्हणून?

दक्षिणेला बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उश्वायाहून सुटतात. ड्रेक सामुद्रधुनीचे दोन दिवस बोट लागणाऱ्यांना जड जातात. एका वेळी शंभराहून जास्त लोकांना किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि बुटांना चिकटलेलं बीसुद्धा घासून काढायला लावतात. उत्तरेला स्वालबार्डचं लाँगइयरबिएन सोपं पडतं, विमान जातं. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून असल्याने शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) घ्यावा लागतो, आणि तो एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा. नाहीतर परतताना पंचाईत होते.

अंटार्क्टिका कुणाच्या मालकीचा?

सात देशांनी हक्क सांगितले होते. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी केलेल्या करारात ते गोठवले गेले. तिथे फौजा नाहीत, अणुस्फोट नाहीत, विज्ञान सगळ्यांना खुलं. भारत १९८३ मध्ये सामील झाला. १९९१ च्या माद्रिद जोडकराराने खाणकामावर बंदी आणली. कुत्र्यांनाही १९९४ पासून बंदी आहे, कारण त्यांचे रोग सीलना लागण्याची भीती होती.

पेंग्विनला पांढरं अस्वल खात नाही का?

दोघांची भेटच होत नाही. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. दोन्हीकडचा उन्हाळा अनुभवणारा एक पक्षी मात्र आहे, आर्क्टिक टर्न नावाचा सुरय. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव, वर्षाला ७०,००० किलोमीटरच्या आसपास उडतो.

बर्फ वितळला तर पुणं बुडेल?

पुणं नाही. आपण ५६० मीटरवर आहोत. पण प्रश्न तिथे संपत नाही.

काचेचे दोन ग्लास घ्या. एकात पाणी आणि त्यावर तरंगणारे बर्फाचे खडे. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढेल असा दगड, दगडावर तेवढेच खडे. दोन्हींवर स्केचपेनने पाण्याची खूण करा. मे महिन्यात पुण्यात हे अर्ध्या-पाऊण तासात होतं. मुलं नाक ग्लासला लावून बसतात. पहिल्या ग्लासातली खूण जागच्या जागी राहते, दुसऱ्यातलं पाणी खुणेच्या वर चढतं. पहिला ग्लास म्हणजे आर्क्टिकचा सागरी बर्फ, दुसरा म्हणजे अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर जगभर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, ग्रीनलंडचा वितळला तर सुमारे ७ मीटर. असं सगळं वितळायला शतकानुशतकं लागतील, पण मुंबई आणि कोकणच्या खाजणांना एक मीटरसुद्धा पुष्कळ आहे.

म्हणजे आर्क्टिकचा बर्फ गेला तर चालेल? नाही. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळं पाणी ते पिऊन टाकतं. गच्चीला चुना दिला की खालची खोली थंड राहते, तेच तत्त्व. बर्फ कमी झाला की पाणी तापतं, त्याने आणखी बर्फ कमी होतो. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथला सागरी बर्फ ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहांनी मोजायला लागल्यापासून सर्वांत कमी. गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला घटता बर्फ आणि मध्य भारतात सप्टेंबरच्या अखेरीस होणारी अतिवृष्टी यांचा संबंध मांडला आहे. सोयाबीन काढणीला आलेलं असताना कोसळणारा पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना आर्क्टिक लांब वाटू नये.

लाखो वर्षांपूर्वीची हवा कशी होती, हे कुणाला कसं कळणार?

बर्फाने ती जपून ठेवली आहे. हिमकण पडताना त्यांच्या मध्ये हवा असते. वर थर चढत गेले की खालचा बर्फ दाबून घट्ट होतो आणि ती हवा बारीक बुडबुड्यांमध्ये कोंडली जाते. भोक पाडून लांबच लांब बर्फाचा दांडा बाहेर काढतात, वितळवताना किंवा चुरताना सुटणारी हवा मोजतात. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या दांड्याने आठ लाख वर्षांचा हिशोब दिला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागात युरोपीय चमू २,८०० मीटर खाली खडकापर्यंत पोचला, आणि तो बर्फ बारा लाख वर्षांहून जुना आहे.

डोम सीच्या आठ लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० भाग यांच्या दरम्यान वरखाली होत राहिला. थंड युगांत कमी, उबदार काळात जास्त. ३०० च्या वर तो पहिल्यांदा गेला विसाव्या शतकात, आणि आज ४२० च्याही पुढे आहे.